धूर, धूळ आणि मुलांचा दमा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही प्राथमिक शाळेचे हजेरीपत्रक भाद्रपदापासून माघापर्यंत लक्षपूर्वक चाळले, तर पुष्कळ वर्गांत एखादे असे मूल आढळते की, ज्याची गैरहजेरी इतरांच्या गैरहजेरीसारखी नसते. ते आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेले नसते, किंवा बाजाराच्या दिवशी धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी घरी राहिलेलेही नसते. एक दिवस नाही, मग तीन दिवस हजर, पुन्हा दोन दिवस नाही, असा त्याचा क्रम असतो. शाळेत आल्यावर ते हसते, खेळते, पाढे म्हणते. आणि काल का आला नाहीस असे विचारले की, “रात्री खोकला होता, गुरुजी,” एवढेच सांगते. दिवसा ज्याच्या खोकल्याचा मागमूस नाही त्याला रात्रीच खोकला कसा येतो, अशी शंका गुरुजींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आणि मग त्या मुलाच्या नावापुढे मनातल्या मनात ‘चुकार’ असा शेरा पडतो. पुष्कळदा हा शेरा अन्यायाचा असतो. तो कसा, हे समजण्यासाठी श्वासनलिकेच्या आत काय घडते ते थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. कारण दिवसाचे कारण आणि रात्रीचे कार्य ह्यांची गाठ तेथे पडते.

व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के ह्याने १९०६ साली ‘ॲलर्जी’ हा शब्द प्रथम योजला. मराठीत त्यासाठी ‘अधिहर्षता’ असा शब्द आहे. परंतु आता खेड्यातील माणूसही सर्रास ‘ॲलर्जी’च म्हणतो, तेव्हा तोच शब्द ठेवणे सोयीचे. शरीराच्या संरक्षणासाठी रक्तात व निरनिराळ्या अवयवांत ज्या पेशी सदैव पहारा करीत असतात, त्यांची तुलना जुन्या काळच्या गावच्या जागल्याशी करता येईल. परका माणूस शिवेत शिरला की त्याला हटकावयाचे आणि चोर असेल तर गाव उठवावयाचा, हे जागल्याचे काम. रोगजंतूंच्या बाबतीत ह्या पेशी हे काम चोख बजावतात. परंतु कधी कधी जागल्याची ओळख चुकते. फुलाचा पराग, वाकळीत व गोधडीत राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांची विष्ठा, बुरशीची बीजुके, झुरळांच्या अंगाचा चुरा हे पदार्थ वस्तुतः निरुपद्रवी. तथापि काही माणसांच्या शरीरात ह्या पाहुण्यांसच चोर समजून गाव उठविला जातो. चोराने काहीच नेलेले नसते. नासधूस होते ती गाव धावून गेल्यामुळे. फुप्फुसाची ॲलर्जी म्हणजे हीच नासधूस होय.

ही चूक एकाएकी घडत नाही. प्रथम भेटीत शरीर त्या पदार्थाविरुद्ध एक विशिष्ट प्रतिद्रव्य तयार करते. ह्या प्रतिद्रव्याचा शोध अमेरिकेत काम करणारे किमिशिगे व तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिख ह्यांनी १९६६-६७ च्या सुमारास स्वतंत्रपणे लावला. त्यास इम्युनोग्लोब्युलिन-ई असे नाव आहे. हे प्रतिद्रव्य श्वासनलिकेच्या अस्तरात बसलेल्या मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन चिकटते. मास्ट पेशींचे वर्णन जर्मन संशोधक पाउल एर्लिख ह्याने १८७८ सालीच करून ठेवले होते. ह्या पेशींच्या पोटात हिस्टामीन आदी द्रव्यांच्या कण्या दारूगोळ्यासारख्या भरून ठेवलेल्या असतात. तोच पराग दुसऱ्यांदा आला की, तो पृष्ठभागावरील प्रतिद्रव्यास अडकतो आणि काही मिनिटांतच दारूगोळ्याचे कोठार फुटते. शिंका, नाकास पाणी, छातीत सूं सूं आवाज, धाप ही लक्षणे तेथून येतात. ही पहिली प्रतिक्रिया; ती तासा-दीड तासात बहुधा ओसरते, आणि मूल बरे झाले असे सर्वांस वाटते.

परंतु प्रकरण तेथे संपलेले नसते. मास्ट पेशींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी हाक दिली, ती ऐकून रक्तातून दुसऱ्या पेशी निघालेल्या असतात. त्यांत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी विशेष महत्त्वाच्या. त्या श्वासनलिकेत येऊन पोचण्यास वेळ लागतो. सामान्यतः चार ते आठ तास. तेथे येऊन त्या जी तीव्र द्रव्ये ओततात, त्यांमुळे नलिकेचे अस्तर सुजते, सोलवटते, चिकट बेडका सुटतो आणि नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात. वैद्यकात ह्यास शोथ म्हणतात. सकाळी अकरा-बारा वाजता शाळेच्या पटांगणात जे नाकात गेले, त्याचा दुसरा आणि पुष्कळदा अधिक त्रासदायक हप्ता संध्याकाळी किंवा रात्री वसूल होतो. शिवाय निसर्गक्रमानेच श्वासनलिका पहाटेच्या सुमारास थोड्या अरुंद होत असतात. आणि अंथरूण-पांघरुणातील सूक्ष्म किडे त्यात आपली भर घालतात. तेव्हा “रात्री खोकला होता” असे सांगणारे मूल बहुधा अक्षरशः खरे सांगत असते.

येथवरची हकिकत पुष्कळ शिक्षकांनी कोठे ना कोठे वाचली असेल. ह्या व्याख्यानाचा खरा विषय ह्यापुढे आहे. पराग तर हजारो वर्षे उडत आला आहे. मग हा विकार काही ठिकाणी इतका बळावतो का? उत्तराचा एक मोठा भाग धुरात आहे, असे गेल्या चाळीस वर्षांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. धुराने घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु धुराचे काम नुसत्या खवखवीवर थांबत नाही. तो पहारेकऱ्यांस चिथावतो. एरवी पाहुणा म्हणून ज्यास सोडून दिले असते त्यालाही चोर ठरविण्याकडे त्यांचा कल होतो. धूर आणि पराग ह्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ह्याची पहिली चाहूल जपानात लागली. तेथील निक्को ह्या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा जपानी सीडार वृक्षांच्या प्राचीन रांगा आहेत. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, सीडारचा पराग रानातही भरपूर आणि रस्त्यालगतही भरपूर. परंतु परागाचा विकार मात्र मोटारींची दाट रहदारी असलेल्या त्या रस्त्यांलगत राहणाऱ्यांत अधिक. झाड तेच, पराग तोच. अधिक होता तो केवळ मोटारींचा धूर.

पाहणीवरून संशय येतो, सिद्धांत प्रयोगाने ठरतो. अमेरिकेत लॉस एंजल्स येथे डेव्हिड डियाझ-सांचेझ, अँड्र्यू सॅक्सन व त्यांचे सहकारी ह्यांनी रॅगवीड नावाच्या तणाची ॲलर्जी असलेल्या माणसांच्या नाकात एकदा नुसते रॅगवीडचे द्रव्य आणि दुसऱ्या वेळी त्याबरोबर डिझेलच्या धुरातील कण सोडून पाहिले. १९९७ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, कणांची जोड मिळाल्यावर रॅगवीडविरुद्धचे इम्युनोग्लोब्युलिन-ई नुसत्या रॅगवीडच्या मानाने सोळा पट आढळले. दोन वर्षांनी त्यांनी याहूनही बोलका प्रयोग केला. एका समुद्री गोगलगाईच्या शरीरातील प्रथिन त्यांनी निवडले. सर्वसाधारण माणसाचा त्याच्याशी आयुष्यात संबंध येत नाही. ते नुसते नाकात सोडले तेव्हा त्या माणसांपैकी एकाच्याही शरीरात इम्युनोग्लोब्युलिन-ई तयार झाले नाही. डिझेलच्या कणांसह सोडले तेव्हा पंधरांपैकी नऊ जणांत ते तयार झाले. धूर असलेली ॲलर्जी वाढवितो एवढेच नव्हे, तर नसलेली ॲलर्जी जन्मासही घालू शकतो, असा ह्याचा अर्थ. लहान मुलांच्या बाबतीत हा अर्थ विशेष गंभीर आहे. कारण जगातील बहुतेक पदार्थांशी त्यांची पहिली भेट ह्याच वयात व्हावयाची असते.

महाराष्ट्राशी निकटचा संबंध असलेला एक प्रयोगही येथे सांगितला पाहिजे. पुण्याचे श्वसनरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी हे इंग्लंडमध्ये संशोधन करीत असताना त्यांनी स्वीडिश व इंग्रज सहकाऱ्यांसह पंधरा निरोगी तरुण माणसांस एक तास सौम्य केलेल्या डिझेलच्या धुरात ठेवले व सहा तासांनी त्यांच्या श्वासनलिका दुर्बिणीने तपासल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात निरोगी माणसांच्याही श्वासनलिकेत न्यूट्रोफिल, लिंफोसाइट आणि मास्ट ह्या पेशींची दाटी वाढलेली दिसली. त्या माणसांची फुंकण्याची शक्ती मात्र नेहमीच्या तपासणीत कमी झालेली नव्हती. बाहेरून सर्व ठीक आणि आत गाव जागा झालेला, असा हा प्रकार आहे. मुलास आज खोकला नाही म्हणून धूर त्यास बाधला नाही असे म्हणता येत नाही, ते ह्यामुळेच.

आता हे घडते कसे, ते पाहू. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ५० ते ७० मायक्रोमीटर असते. परागकण सामान्यतः १० मायक्रोमीटरहून मोठा असतो आणि बराचसा नाकातच अडकतो. धुरातील काजळीचे कण अडीच मायक्रोमीटरहून लहान, कित्येक तर त्याच्याही शतांश. ते नाक, घसा, मोठ्या नलिका ही सर्व नाकी ओलांडून फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातात. परागाच्या फुटलेल्या तुकड्यांवरील प्रथिने ह्या काजळीस चिकटली, म्हणजे जे नाकात थांबावयाचे तेही त्यांच्या पाठीवर बसून आत पोचते. हा झाला वाहतुकीचा भाग. पुढील भाग अधिक सूक्ष्म आहे.

श्वासनलिकेच्या आतील अस्तर म्हणजे एकमेकींस घट्ट सांधलेल्या पेशींची भिंत होय. काजळीवर बसून आलेली रसायने व ओझोनसारखे तीव्र वायू ह्या भिंतीत ऑक्सिजनचे अतितीव्र रेणू निर्माण करतात. सांधे सैल होतात, आणि परकी प्रथिने भिंतीपलीकडे झिरपू लागतात. जखमी झालेल्या अस्तरपेशी त्याच वेळी हाका मारू लागतात. ह्या हाका म्हणजे काही रासायनिक निरोप असतात, टी.एस.एल.पी., इंटरल्युकिन-२५ व इंटरल्युकिन-३३ ही त्यांतील प्रमुखांची नावे. शिक्षकांनी नावे पाठ करण्याचे कारण नाही, निरोपाचा मजकूर मात्र ध्यानी घ्यावा. “भिंत पडली आहे, जो सापडेल त्याला धरा,” असा तो मजकूर असतो.

हा निरोप दोघांस पोचतो. एक म्हणजे फांद्यांसारखे हात पसरून भिंतीलगत बसलेल्या डेंड्रायटिक पेशी. ह्या सापडलेल्या पदार्थाचा तुकडा घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जातात आणि तेथील लिंफोसाइट पेशींस तो दाखवून त्यांचे शिक्षण करतात. शिक्षकांस ही उपमा सहज पटेल: शिकविणारा शांत असेल तर शिष्य सोशिक होतो, तो भेदरलेला असेल तर शिष्यही भांडखोर निघतो. अस्तराच्या हाका ऐकून भेदरलेली डेंड्रायटिक पेशी लिंफोसाइटांस ‘दुसऱ्या प्रकारचे साहाय्यक’ बनविते. हे साहाय्यक तीन निरोप पाठवितात: इंटरल्युकिन-४ ने इम्युनोग्लोब्युलिन-ई वाढते, इंटरल्युकिन-५ ने इओसिनोफिल पेशींची फौज वाढते व टिकते, इंटरल्युकिन-१३ ने बेडका वाढतो व नलिका आवळते. निरोप ऐकणाऱ्या दुसऱ्या पेशी आहेत त्यांचा उलगडा २०१० च्या सुमारास झाला. त्या लिंफोसाइटांच्याच कुळातील, परंतु त्यांस कोणी काही शिकवावे लागत नाही; अस्तराची हाक आली की त्या तत्काळ इंटरल्युकिन-५ व १३ ओतू लागतात. परागाची जुनी ओळख नसतानाही केवळ धुराने दम्याचा झटका का येतो, ह्याचे एक उत्तर ह्या पेशींत आहे.

आणखी एक वाट आहे. धूर फार झाला की लिंफोसाइटांची दुसरीच एक जात पुढे सरसावते आणि इओसिनोफिलांऐवजी न्यूट्रोफिल पेशींस बोलावते. दम्यावरील नित्याचे औषध म्हणजे श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड इओसिनोफिलांचा शोथ उत्तम रीतीने शमविते. न्यूट्रोफिलांच्या शोथावर ते तितके लागू पडत नाही. म्हणून औषध नियमित चालू असूनही धुराच्या घरातील मूल का सुधारत नाही, ह्याचा दोष दर वेळी औषधास किंवा डॉक्टरास देणे बरोबर नाही.

इंग्लंडमधील लेस्टर येथे नीता कुलकर्णी, जोनाथन ग्रिग प्रभृती संशोधकांनी २००६ साली निरोगी शाळकरी मुलांच्या बेडक्यातील सफाई करणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ह्या पेशींचे काम काजळी गिळण्याचे. ज्या मुलांच्या पेशींत काजळीचा काळा डाग मोठा, त्यांची फुंकण्याची शक्ती कमी, असे स्पष्ट प्रमाण आढळले. घरातील कंदिलाची काच शाळेत येण्यापूर्वी पुसून ठेवणाऱ्या पिढीस हे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. फरक इतकाच की, ही काच पुसता येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. औरंगाबाद शहर, आजचे छत्रपती संभाजीनगर, केंद्र सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अडीच मायक्रोमीटरखालील कणांची वार्षिक सरासरी एका घनमीटरास ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावी असे सांगितले. भारताने २००९ साली ठरविलेली मर्यादा ४० आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखाने आणि जालना रस्त्यावरील वाहने ह्यांकडे बोट दाखवून खेड्यातील माणूस स्वस्थ बसतो. हे स्वास्थ्य मात्र फसवे आहे. कन्नड-सिल्लोडकडील घरांत चुलीत पऱ्हाट्या जळतात. पैठण-गंगापूरच्या ऊसपट्ट्यात पाचट पेटविले जाते. मका व बाजरी काढणीयंत्रातून निघताना भुसा उडतो. वीटभट्टी, खडीची यंत्रे व कापसाचे जिनिंग कोठे ना कोठे जवळपास असतेच. लाकडाच्या धुरातही तेच बारीक कण असतात, आणि बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात त्यांचे प्रमाण शहरातील चौकापेक्षा कितीतरी अधिक भरते. हवा मोजण्याची यंत्रे बहुधा शहरांत असतात, म्हणून आकडे शहराचे छापून येतात, एवढेच.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. सगळी धूळ एका जातीची नव्हे. आल्प्सच्या पायथ्याशी गोठ्यात वाढणाऱ्या मुलांत दमा व परागविकार कमी असतो, असे बव्हेरिया व स्वित्झर्लंड येथील अनेक पाहण्यांत आढळले आहे. गोठ्यातील निरुपद्रवी जंतूंच्या सहवासाने पहारेकरी सोशिक होतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तेव्हा मुलांस मातीत खेळू देऊ नये, गुरांजवळ जाऊ देऊ नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. शत्रुत्व धुराशी करावे, मातीशी नव्हे.

आता परागाचा विचार. रॅगवीड आपल्याकडे सहसा दिसत नाही. पण त्याचे जवळचे नातलग सर्व शिवारभर पसरले आहे. ते म्हणजे गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवतही म्हणतात. मूळ अमेरिका खंडातील हे तण भारतात १९५० नंतर पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेस आले व १९५६ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्वत्र सांगितले जाते. आज पडीक जमीन, रस्त्याची कड आणि शाळेचे पटांगण ह्यांपैकी काहीही त्याने सोडलेले नाही. एका झाडास हजारो बिया धरतात. त्याच्या स्पर्शाने त्वचेस खाज व चट्टे येतात आणि त्याच्या परागाने नाकाचा व छातीचा विकार होतो. पावसाळ्यानंतर त्याचा पांढरा फुलोरा भरात येतो. आणि तेच दिवस चिखल वाळून धूळ उडू लागण्याचे, सुगीचे, दिवाळीचे आणि रात्रीच्या गारव्यात धूर जमिनीलगत साचून राहण्याचे असतात.

ह्याच दिवसांत पुष्कळ शाळांतून श्रमदान होते. हेतू उत्तम. तिसरी-चौथीपासूनची मुले रांगेने बसून फुलोऱ्यावर आलेले गाजर गवत उघड्या हातांनी उपटतात. त्याचा ढीग पटांगणाच्या कोपऱ्यात लावला जातो. दोन दिवसांनी तो वाळला की त्यात पाला, कागद, प्लास्टिकच्या पिशव्या टाकून काडी लावली जाते. आणि धूर वर्गांच्या खिडक्यांतून आत येत असताना आत पाढे चालतात. वर सांगितलेल्या सगळ्या शास्त्राच्या उजेडात हे दृश्य पाहिले, तर पराग आणि काजळी ह्यांची गाठ मुलांच्या नाकात घालून देण्याचा ह्याहून सुलभ मार्ग सुचणे कठीण आहे. लॉस एंजल्सच्या प्रयोगशाळेत जे थेंबाथेंबाने मोजून केले, ते येथे पाटीपाटीने होते. स्वच्छतेच्या नावाखाली हे घडावे, ही खेदाची गोष्ट आहे.

गाजर गवत काढावे, अवश्य काढावे. परंतु ते पाऊस सुरू झाल्यावर, फुलोरा येण्यापूर्वी, जमीन ओली असताना आणि मोठ्या माणसांनी हातमोजे घालून व तोंडास कापड बांधून. फुलापूर्वी उपटलेले तण खड्ड्यात टाकून त्याचे खत करता येते. शाळा व्यवस्थापन समितीपुढे हा ठराव जूनमध्ये ठेवला तर ऑक्टोबरचे संकट आपोआप टळते. पाला व कचरा जाळू नये; एका कोपऱ्यात दीड हात खड्डा पुरे होतो. वर्ग झाडावयाचा तर मुले येण्यापूर्वी, पाण्याचा हलका शिपका मारून. फळा ओल्या फडक्याने पुसावा. खडूच्या पुडीची ॲलर्जी अशी सहसा नसते, पण सुजलेल्या नलिकेस ती डिवचते; तेव्हा ज्या मुलास धाप लागते त्यास फळ्याखालच्या ओळीत बसवू नये व डस्टर झटकण्याचे काम देऊ नये. पोषण आहार सरपणावर शिजत असेल तर गॅसची मागणी लेखी करावी, आणि तोवर निदान चूल वाऱ्याच्या खालच्या बाजूस असावी. शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या जीप व ट्रॅक्टर ह्यांची यंत्रे चालू ठेवू नयेत, एवढे सांगण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही.

दिवाळीच्या सुटीपूर्वी मुलांस एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. आवाज करणारा फटाका वाईट आणि बिनआवाजाचा निरुपद्रवी, अशी समजूत आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली मुलांच्या आवडीच्या फटाक्यांच्या धुराचे मोजमाप केले, तेव्हा बारीक कण सोडण्यात सर्वांवर ताण केली ती नागगोळीने. लहान मूल तिच्यावर ओणवे होऊन नाग निघताना पाहते, म्हणजे त्याचे तोंड धुराच्या नेमके वर असते.

दम्याच्या मुलाच्या दप्तरात डॉक्टरांनी दिलेला पंप असेल, तर तो शिक्षकाने जप्त करू नये किंवा कपाटात कुलूपबंदही ठेवू नये. “पंप लागला की सुटत नाही,” ही गावोगावची समजूत शास्त्राधारित नाही. पंपातून औषध मायक्रोग्रॅमच्या मापात थेट श्वासनलिकेत जाते. गोळीपेक्षा त्याचे प्रमाण पुष्कळच कमी असते. मुलीच्या बाबतीत लग्नाच्या भीतीने आईबाप पंप लपवितात, आणि मग तिचा खोकलाही लपवावा लागतो. अशा घरी गुरुजींचा किंवा बाईंचा शब्द डॉक्टरांच्या शब्दाइतकाच उपयोगी पडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, त्या दिवशी वारंवार रात्री खोकणाऱ्या मुलांची नावे व त्यांच्या गैरहजेरीच्या तारखा पथकास लिहून द्याव्यात. तपासणीच्या क्षणी मुलाची छाती अगदी स्वच्छ असू शकते. डॉक्टरांस जे ऐकू येत नाही ते तारखांवरून कळते.

वर्गात झटका आलाच तर मुलास आडवे निजवू नये. किंचित पुढे झुकवून बसवावे, गळ्याजवळची बटणे सोडावीत, भोवतीची गर्दी हटवावी आणि त्याचा स्वतःचा तातडीचा पंप डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे द्यावा. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, श्वासागणिक बरगड्यांमधील भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर घरी निरोप पाठवून वाट पाहत बसू नये. १०८ क्रमांकास दूरध्वनी करून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात न्यावे. झटका ओसरून मूल हसू लागले, तरी त्यास त्या दिवशी एकटे घरी सोडू नये. पालकास बोलावून, दुसरी प्रतिक्रिया चार ते आठ तासांनी येऊ शकते हे समजावून सांगावे, रात्री त्यास चुलीजवळ निजवू नये असे सांगावे, आणि मगच मूल त्याच्या स्वाधीन करावे.